जी माहिती घेतलीच नव्हती

ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे अजून स्पष्ट आहे. आरोपीचा चेहरा मात्र आता पुसट झाला आहे. त्याच्याऐवजी आठवतात त्या एक गणिताच्या बाई, ज्यांची चौकशी मी सगळ्यांत आधी केली. कुणाचे नाव इथे देत नाही. होडीचे नावही बदलले आहे.

मी तेव्हा रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात बंदरावरचे एक नौकामालक आले. मागे पाच-सहा माणसे होती. एवढी माणसे बरोबर आणणारा फिर्यादी एक तर भांडायला आलेला असतो, नाहीतर घाबरलेला. हे गृहस्थ घाबरलेले होते. मी बाकीच्यांना बाहेर बाकावर बसवले.

त्यांची मुलगी दहावीत होती. एका संकेतस्थळावर ती मराठीतून गणित आणि विज्ञान शिकायची. ते मोफत होते आणि रत्नागिरीतूनच चालवले जायचे. वडील समुद्रावर जाताना मोबाइल घरी ठेवून जात, कारण खोल पाण्यात त्याचा उपयोग नसतो. त्याच मोबाइलवर मुलीचा अभ्यास चाले. एक दिवस त्यावर फोन आला, "मी संकेतस्थळाच्या कार्यालयातून बोलतोय. तू पहिली आलीस, शिष्यवृत्ती मिळणार आहे, तुझा फोटो आणि आधार कार्ड पाठव." मुलीने आनंदाने पाठवले. दुसऱ्या दिवसापासून त्याच माणसाचा सूर बदलला. रोज माझ्याशी बोलायचे, नाहीतर हा फोटो वाईट मजकूर घालून बंदरावरच्या सगळ्या ग्रुपवर टाकीन. मुलीने काही दिवस सोसले, जेवण सोडले, मग आईला सांगितले.

"साहेब, ती वेबसाइट आजच्या आज बंद करा," वडील म्हणाले. "त्यांनीच आमचा नंबर कुणाला तरी दिला. आणि पोरीचं शिकणं आमी बंद केलंय. मोबाइल कपाटात टाकला, शाळेत पण नाय पाठवत. मावशीकडे आंजर्ल्याला नेऊन सोडतो."

दहावीची परीक्षा जवळ आली होती. आरोपी आज ना उद्या सापडेल, पण या मुलीचे वर्ष गेले तर ते कुठल्याही दोषारोपपत्राने परत येणार नाही, हे मला तेव्हाच दिसत होते. माझी मुलगी त्या वर्षी नववीत होती. मी वडिलांना एवढेच म्हणालो, की आंजर्ल्याला नेण्याची घाई करू नका, मला थोडा वेळ द्या.

गुन्हा नोंदवला. मुलगी अल्पवयीन, म्हणून आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या वेशात तिच्या घरी गेल्या आणि आईसमोर तिचा जबाब घेतला. मी त्यांना बजावले होते, की पहिल्या फोनवरचे पहिले वाक्य जसेच्या तसे लिहून आणा. लोक घटना सांगताना शेवटापासून सांगतात, आणि तपासाला लागते ती सुरुवात. मुलीने सांगितले, की तो म्हणाला, "दर्यासुंदरी तूच का? तुझं खरं नाव सांग."

दर्यासुंदरी हे मुलीने संकेतस्थळावर घेतलेले नाव होते.

दुपारी मी संकेतस्थळाच्या कार्यालयात गेलो. कार्यालय म्हणजे एका घराच्या माडीवरच्या दोन खोल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई आणि पुण्यातली नोकरी सोडून आलेला त्यांचा अभियंता भाचा, दोघे मिळून सारे चालवत. मी गणवेशात होतो, बरोबर दोन शिपाई. अशा वेळी माणूस पाणी विचारतो, खुर्च्या सरकवतो, वकिलाला फोन करतो. बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "कुठल्या मुलीला त्रास झाला का?"

मी प्रकरण सांगितले आणि सगळ्या विद्यार्थ्यांची यादी, मोबाइल नंबरांसह, मागितली. आणखी मुलींना असे फोन गेले असतील तर कळायला हवे, हा माझा हेतू होता आणि तो गैर नव्हता.

बाई म्हणाल्या, "नाही देणार."

भाचा जरा चुळबुळला. शिपाई माझ्याकडे बघू लागले. मी बाईंना सांगितले, की तपासात अडथळा आणणे हा गुन्हा आहे, संगणक जप्त करू शकतो.

"जप्त करा ना. पंच बोलवा, पंचनामा करा, माझी सही घ्या. पण साहेब, एका मुलीची माहिती बाहेर गेली म्हणून तुम्ही आलात, आणि त्यासाठी बाकी हजारो मुलांची बाहेर काढा म्हणता? त्या एका मुलीचं जे आहे ते लेखी मागा, ते लगेच देते. बाकीच्यांना धोका आहे असं वाटत असेल, तर त्यांना सावध करायचं काम माझं. ते आजच करते."

"आणि नंबर?"

"नंबर आमच्याकडे नाहीत."

मला ही थाप वाटली. नोंदणी करताना पालकाच्या मोबाइलवर संमतीसाठी सांकेतिक आकडा येतो, हे फिर्यादीनेच सांगितले होते. मग भाच्याने संगणक माझ्याकडे वळवला आणि समजावले. पालकाचा नंबर खरा आहे एवढे तपासायचे, संमतीची नोंद ठेवायची आणि नंबर पुसायचा. त्याच्या जागी उरते ती अक्षरांची एक ओळ. तोच नंबर पुन्हा टाकला तर संगणक ओळखतो, पण ओळीवरून नंबर वाचता येईल अशी सोय त्यांनी स्वतःसाठीही ठेवली नव्हती. जन्मतारीख, शाळा, गाव, फोटो यांतले काहीच ते विचारत नव्हते. खऱ्या नावासाठी रकानाच नव्हता. मुलाने आपल्याला आवडेल ते नाव घ्यायचे. जाहिरातदार येऊन गेले होते, त्यांना बाईंनी चहा पाजून परत पाठवले होते. संकेतस्थळावर कोण कधी आले याची नोंद कायद्याने सांगितलेल्या मुदतीपुरती राहते, मग आपोआप जाते. या दोघांपैकी कुणी एखाद्या मुलाचे खाते उघडले, तर त्याचीही वेगळी नोंद होते आणि दुसऱ्याला ती दिसते. बाई म्हणाल्या, "ह्याने माझ्यावर लक्ष ठेवायचं, मी ह्याच्यावर. नातं आहे म्हणून सूट नाही."

मी मोठमोठी कार्यालये पाहिली आहेत, जिथे लोकांच्या कागदपत्रांच्या प्रती टपरीवर भजी बांधायला गेलेल्या असतात. या माडीवर मला पहिल्यांदाच असा माणूस भेटला, ज्याने नको ती माहिती आधीच दारातून परत पाठवली होती.

लेखी नोटीस दिली. एका मुलीच्या माहितीचा एक कागद मिळाला. ठाण्यात परतल्यावर मी सवयीने कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले, फोन करणाऱ्याला काय ठाऊक होते: घेतलेले नाव, ती पहिली आली हे, आणि मोबाइल नंबर. उजवीकडे लिहिले, संकेतस्थळाकडे काय होते: घेतलेले नाव, इयत्ता, माध्यम, गुण. नंबर उजवीकडे नव्हताच. आणि नाव व गुण तर संकेतस्थळावरच्या गुणवंतांच्या फळ्यावर कुणालाही दिसत. म्हणजे आतून काहीच बाहेर गेले नव्हते. मग दर्यासुंदरी या नावापासून तिच्या बापाच्या मोबाइलपर्यंत तो पोचला कसा?

उत्तर शोधायला फार बुद्धी लागली नाही, पाय लागले. दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या वेळी मी बंदरावर गेलो. फिर्यादीची नौका धक्क्याला लागलेली होती आणि तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, लाल-पिवळ्या रंगात ठळक लिहिले होते: दर्यासुंदरी. धक्क्यावर तिचेच निळे क्रेट रचलेले होते. मासळी भरून हे क्रेट ट्रकबरोबर बाहेरगावी जातात, आणि ते परत यावेत म्हणून प्रत्येक मालक त्यांवर नौकेचे नाव आणि आपला मोबाइल नंबर रंगवतो. बंदरावर ही रीतच आहे. मुलीला संकेतस्थळाने सांगितले, आवडेल ते नाव घे. दर्यावर्दी घरातली पोर दुसरे काय घेणार? तिने घरातले सगळ्यांत लाडके नाव घेतले.

आता आरोपी बंदरावर वावरणारा असणार, हे उघड होते. तोवर फोनची माहिती आली. सिमकार्ड दापोलीकडच्या एका वृद्ध बाईच्या नावावर होते आणि फोन लागत होता बंदराजवळच्या टॉवरवरून. हवालदार दापोलीला गेले. त्या आजी म्हणाल्या, "लेकीकडे आले होते तेव्हा बंदरावरच्या टपरीत कार्ड घेतलं. त्या मेल्यानं अंगठा दोनदा लावून घेतला. पहिला नीट उमटला नाय म्हणे." पहिल्या अंगठ्यावर आजींचे कार्ड निघाले आणि दुसऱ्यावर त्याचे.

टपरीवाला पंचविशीचा, बोलण्यात चलाख. टपरीसमोरच क्रेटांची रास. ताब्यात घेतल्यावर त्याने आधी सगळे नाकारले आणि मग एकदम सुचल्यासारखे सांगितले, "साहेब, त्या वेबसाइटवाल्यांनीच मुलींची माहिती विकली. मी नुसती घेतली."

ही बातमी बाहेर गेली असती तर संकेतस्थळ संध्याकाळपर्यंत टिकले नसते. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आवाज चढवणाऱ्याला ऐकू कमी येते. विचारले, विकत घेतलेल्या माहितीत मुलीचे नाव काय होते? त्याने खरे नाव सांगितले.

"मग पहिल्याच फोनवर तिला नाव का विचारलंस?"

मी त्याच्यासाठी चहा मागवला. चहा निवून गेला तरी त्याने घेतला नाही. शेवटी खाली बघत म्हणाला, "क्रेटावर नंबर होता, साहेब. माझी चुलतबहीण त्याच वेबसाइटवर शिकते. तिच्या मोबाइलवर फळा बघितला." टपरीच्या झडतीत दुसऱ्यांच्या नावांची आणखी सिमकार्डे मिळाली. त्याच्या मोबाइलमधला मुलीचा फोटो मुद्देमालात जमा झाला. त्याने तो पुढे पाठवलेला नव्हता. हे आईला कळवले तेव्हा ती माउली ठाण्याच्या पायरीवरच बसली.

वडिलांना मात्र दुसराच घाव लागला. "म्हंजे नंबर मीच लिहून ठेवला होता?" मी म्हणालो, "तुम्ही क्रेट परत यावेत म्हणून लिहिला होता. गुन्हा त्याने केला."

तरी त्यांचा हट्ट होता की मुलीचे खाते पुसा. मी त्यांना माडीवर घेऊन गेलो. मुलगी आणि आईही होत्या. मला वाटले, बाई समजूत घालतील, परीक्षेचे सांगतील. त्यांनी तसले काही केले नाही. पोलिसांना लागणारी प्रत आधीच दिली होती, ते सांगितले, आणि त्यांच्यासमोर खाते पुसून टाकले. वडिलांनी त्यांच्याच मोबाइलवर शोधून पाहिले. काही नव्हते.

"आणि तिचे मार्क? केलेला अभ्यास?"

"तेही गेलं. तुम्ही सगळं पुसा म्हणालात. माहिती तुमची, आमची नव्हे."

वडिलांनी मोबाइल बाजूला ठेवला. माझ्या अनुभवात माणूस आश्वासनाला भुलत नाही, सांगितलेले तसेच्या तसे केलेले पाहिले की मात्र नरमतो. बाई पुढे म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. खरं नाव विचारलं नाही म्हणजे मूल झाकलं गेलं, असं मी धरून चालले. मुलं घरचंच नाव लावणार हे मला सुचायला हवं होतं. फळा मी काल काढून टाकला. आता नावं आम्ही देतो, झाडांची."

मग वडिलांनी मुलीला विचारले, "परत पयल्यापासून करायला लागेल सगळं. करशील गो?"

"करीन," ती म्हणाली. तो तिचा मी ऐकलेला एकमेव शब्द. वडिलांनी तिथेच स्वतःच्या हाताने नंबर टाकला, संमती दिली. सोमवारी ती शाळेत गेली, हे तिच्या आईने उपनिरीक्षकांना कळवले.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली. मुलीची ओळख कुठेही न देता, काय घडले आणि आपले कुठे चुकले, हे त्यांनी संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहिले, सगळ्या पालकांसाठी. मी त्यांना सुचवले होते की आरोपी सापडला आहे, आता कशाला स्वतःच्या हाताने बदनामी ओढवून घेता. त्या म्हणाल्या, "पालकांनी विश्वास ठेवलाय तो सगळं ठीक चाललंय म्हणून नव्हे. बिघडलं तर आम्ही सांगू म्हणून." काही पालकांनी मुले काढली. बऱ्याच जणांनी मुलांची नावे बदलून घेतली. नौकांची नावे किती मुलांनी लावली होती ते त्यानंतर कळले. ती संख्या ऐकून मी हादरलो होतो.

नोकरीत माझे दिवस माहिती गोळा करण्यात गेले. जास्त माहिती म्हणजे जास्त पकड, हे आम्हाला प्रशिक्षणापासून शिकवलेले. या प्रकरणाने माझ्या त्या हिशेबाला दुसरी बाजू जोडली. साठवलेली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी सांभाळावी लागते, आणि सांभाळणारा चुकला की ज्याची ती आहे तो भोगतो. त्या बाई आधी विचारत, याची खरंच गरज आहे का? उत्तर नाही आले की ती गोष्ट त्या घेतच नसत. पोलिसासमोरही नाही म्हणण्याची ताकद त्यांच्यात आली ती तिथून. लपवण्यासारखे काही नव्हते आणि देण्यासारखेही फार नव्हते.

दहावीच्या निकालानंतर त्या मला बाजारात भेटल्या. माझी मुलगी नववीत असल्याचे मीच त्यांना कधीतरी बोललो होतो. मी साहजिकच विचारले, त्या मुलीचे काय झाले, पास झाली ना? बाई हसल्या. "माहीत असतं तरी सांगितलं नसतं, साहेब. तुमच्या मुलीचं काय, दहावीला आली ना?" एवढे बोलून त्या पुढे गेल्या.

मुलीचे खरे नाव, शाळा, घर सगळे मला माहीत होते. शाळेत एक फोन केला असता तर गुण कळले असते. मी केला नाही.