आईचे पाच हात
मिरच्या जळाल्याचा वास आला की अमडापूरची आमची चूल आठवते. कॉलेजात एकदाच नशा केली होती. ती उतरली, पण हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे त्याच गोष्टीच्या सावल्या दिसत राहिल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मनाने बंद करू नको म्हणून बजावलं. घरी मी फक्त डोळे दुखतात एवढंच सांगितलं. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही. "नजरच व्हती, गेली आता. गोळ्या कायले पाह्यजे?" म्हणत तिनं पाकीट चुलीकडे नेलं. "आई, थांब! तुह्या हातामांगं अजून चार हात दिसून राह्यले. म्या नशा केली व्हती." तिनं पाकीट मागे घेतलं. गोळी काढून तिनं हात पुढे केला. खरा हात मला सापडेना, तेव्हा तिनंच ती माझ्या तोंडात घातली. आज गोळ्या सुटल्या आहेत. तरी कुणी काही द्यायला हात पुढे केला की मी क्षणभर थांबतो.