फळा पुसला त्या संध्याकाळी

आमच्या पेठेत माणूस मेला की फळा पुसतात. तालमीच्या भिंतीवर मोठा काळा फळा आहे आणि पेठेची सगळी खबरबात त्याच्यावर असते. उद्या नळाला पाणी नाही, कुणाचं पोरगं पोलीस भरतीत लागलं, कुणाच्या गाडीची किल्ली सापडली, साहेबांचा वाढदिवस. एरवी जुनं तसंच ठेवून कोपऱ्यात नवं कोंबतात. पण कुणी गेलं तर सगळं पुसायचं, साहेबसुद्धा, आणि तेवढी एकच बातमी लिहायची. रक्षाविसर्जन होईपर्यंत दुसरं अक्षर त्यावर पडत नाही. चोवीस तास मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी पोरंही अशा वेळी मेसेजवर विश्वास ठेवत नाहीत, फळ्यावर आलं का म्हणून विचारतात.

फळा लिहायचं काम एका रिटायर झालेल्या ड्रॉइंगच्या मास्तरांकडे. माझं ब्लाउज शिवायचं दुकान फळ्याच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे त्यांचं अक्षर आणि पेठेची मापं दोन्ही माझ्या डोळ्यांखालून जातात.

त्या दिवशी स्टेडियमवर आमच्या तालमीची आणि खालच्या पेठेतल्या तालमीची मॅच होती. ज्यानं कोल्हापूरचा फुटबॉल बघितला नाही त्याला काय सांगायचं! मॅचच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा भांडत नाहीत, सगळा राग स्टेडियमसाठी राखून ठेवतात. माझी तर दोन्हीकडून पंचाईत, कारण माझी एकुलती एक लेक खालच्या पेठेत दिलेली. जावई पूर्वी त्यांच्या टीमकडून खेळायचा. लग्नात त्याचा कान पिळायला आमची अख्खी तालीम रांग लावून उभी होती, आणि बिचाऱ्याचा कान रात्रीपर्यंत लाल होता. आता तो खेळत नाही. घराखालीच फोटो-फ्रेमचं दुकान आहे, आरसे, काचा, देवांच्या तसबिरी. आमच्या पेठेतले निम्मे आजे-पणजे त्यानंच चौकटीत बसवलेत.

आम्ही हरलो. ते एक वेळ चाललं असतं, पण मॅच सुटताना गेटवर दगडफेक झाली आणि आमच्या एका खेळाडूच्या डोक्यात अर्धी वीट बसली. कुणी मारली ते आजतागायत कळलेलं नाही. रक्तानं जर्सी भिजलेली, पोरगं बेशुद्ध, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दिवे लागायच्या आधी आमचा चौक गच्च भरला. हातात बॅटी, हॉकी स्टिक, कुणाच्या हातात मंडपाचा बांबू. सगळे फोन कानाला लावून उभे. कोण म्हणत होतं शुद्धीवर आला, कोण म्हणत होतं डॉक्टरांनी हात टेकले. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि खरं सांगायचं तर मलाही त्या पोराच्या काळजीनं रडू येत होतं.

एवढ्यात मास्तर आले. बादली, ओलं फडकं, खडू. त्यांच्या मनात होतं, फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शांतता राखा’ लिहावं. भला माणूस. पण फळ्यावर जागा कुठे होती? वाढदिवस, पाणी, किल्ली, सगळं खचाखच. मग त्यांनी मुकाट्यानं फडकं घेतलं आणि वरपासून पुसायला लागले. आयुष्यभर त्या पेठेत राहिलेल्या माणसाला हे कळू नये?

चौकातले फोन एकेक करून कानावरून खाली आले. साहेबांचं नाव पुसलं गेलं, तसा एकजण ओरडला, “फळा पुसला! गेलं रं, पोरगं गेलं!”

“आरं थांबा! मी दुसरं ल्ह्यायलोय!” मास्तर ओरडत होते, पण ऐकतंय कोण? त्यांची बादली लाथेनं उडाली. “एक बी काच ठेवू नगा त्येंच्या पेठंत!” असं कुणीतरी म्हणालं, आणि लोंढा खालच्या अंगाला फुटला.

काच म्हटल्यावर मला जावयाचं दुकान आठवलं. लेकीला फोन लावला, उचलेना. मी कात्री टाकली आणि पळत सुटले. चपला कुठे गेल्या मला माहीत नाही.

वाटेत त्यांनी जे दिसेल ते फोडलं. उभ्या रिक्षांच्या काचा, एका गाड्यावरची अंडी, दवाखान्याची पाटी. एका दुधवाल्याला, ज्याला फुटबॉल गोल का चौकोनी हेही माहीत नसेल, सायकलवरून खाली ओढून तुडवला. समोरूनही दगड यायला लागले. एक माझ्या खांद्याला घासून गेला. मी शिव्या देत होते, आमच्यांनाही आणि त्यांनाही, आणि पळत होते.

जावई शटर ओढत होता. अर्ध्यावर आलं होतं. माणसं दिसल्यावर त्यानं ते खाली पाडून आत बसावं की नाही? पण हा बाहेर आला, हात जोडून. पेठेचा जावई ना! म्हणाला, “पावणं, वळखलं न्हाईसा व्हय? मी तुमचा जावई हाय की!”

पहिली काठी त्याच्या दंडावर बसली. दुसरी डोक्यात. शटर वर ढकलून लोक आत घुसले आणि आरसे फुटायचा जो आवाज सुरू झाला तो अजून माझ्या कानात आहे. पातेली पडावीत तसा, थांबतच नव्हता. तसबिरी रस्त्यावर येऊन आदळत होत्या. त्यात आमच्याच पेठेतले म्हातारे-म्हाताऱ्या, गळ्यात हार घातलेले, तोंडावर पाय पडत होते त्यांच्या. तोंडाला पंचा बांधलेला एकजण जावयाला कॉलरला धरून फरफटत आत घेऊन गेला आणि भिंतीला टेकवलेल्या मोठ्या आरशावर त्यानं त्याला ढकललं. जावयानं उजवा हात पुढे केला. हात काचेतून आरपार गेला. बाहेर काढला तेव्हा मनगटापासून रक्ताची धार उडत होती, नळ फुटल्यासारखी. तो खाली बसला आणि पंचावाला लाथा घालत राहिला. पोटात, बरगडीत, पुन्हा पोटात.

मी जावयाच्या अंगावर आडवी पडले. एक लाथ मला बसली. मग वरून आवाज आला, “काकी, बाजूला व्हा.”

व्हा! अहो-जाहो! रोज सकाळी ‘काकी, पाणी आलं का’ म्हणून विचारतो तोच आवाज, तीच अदब. माझ्या दारासमोरच्या घरातला मुलगा. त्याच्या लग्नात त्याच्या बायकोचे सगळे ब्लाउज मी शिवले होते. मी पंचा ओढला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो पळाला.

लेकीनं वरून धावत येऊन ओढणी फाडली आणि हात बांधला. दोघींनी मिळून त्याला उचलला.

रात्रभर ऑपरेशन चाललं. जीव वाचला. हाताच्या शिरा जोडल्या, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता वळत नाहीत. फ्रेम ठोकायला हातोडी धरता येत नाही त्याला. आणि ज्या पोरासाठी हे सगळं झालं, ते मेलं नव्हतंच. टाके घालून ते दुसऱ्या दिवशी घरी आलं. देवाची कृपा, मला त्याचा राग नाही. पेपरात दोन ओळी आल्या, दोन गटांत दगडफेक, किरकोळ जखमी. किरकोळ म्हणे! तो बातमीदार मला भेटायला हवा होता.

पोलीस पेठेत आले तेव्हा सगळा चौक आंधळा झाला होता. कुणीच काही बघितलं नव्हतं. अंधार होता, गर्दी होती, बाहेरची पोरं होती. तालमीतल्या जाणत्या माणसांनी मला बाजूला घेतलं. “आपल्यातलं आपल्यात मिटवू. पेठंची आब्रू हाय.” मी म्हटलं, “जावई माझा हाय, आब्रू तुमी बघा.” आणि चौकीत जाऊन मी नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, पण तिथे सांगितलं, बापाच्या नावासकट.

तो सध्या कळंब्याला जेलमध्ये आहे. माझ्याकडे पेठेतलं एकही माप येत नाही. लेक म्हणते, आमच्याकडे राहायला ये. मी का जाऊ? माझं घर इथे आहे.

परवा त्याची आई दारात आली. आम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आलो होतो. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कोर्टात तारीख जवळ आली होती.

“आक्का, साक्ष फिरवा,” ती म्हणाली. “तुमचं मालक गेलं तवा माझ्या पोरानं खांदा दिला हुता की ओ. अनवाणी गेलता मसणवाट्यापत्तुर. ते इसरलासा व्हय?”

विसरले नव्हते. भर उन्हाचा गेला होता, पायाला फोड आले होते त्याच्या.

“न्हाय इसरले,” मी म्हटलं. “आन त्या दिवशी माझा जावई मेला असता, तर त्येला बी खांदा द्यायला तुझं पोरगं आलंच असतं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“व्हय,” ती म्हणाली. “आला असता.”