गीझर उतरवला तेव्हा

बाथरूममधला गीझर काढायचं ठरलं तेव्हा बहीण दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण, म्हणून ती चोपड्याहून माहेरी, धुळ्याला देवपुरात आमच्याकडे आलेली. दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती घरी येणार होती आणि नेमका गीझर खालून गळायला लागला. नळाला हात लावला की मुंग्या येत.

मावशीला मात्र बरंच वाटलं. बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती गावाहून मुद्दाम आली होती. तिने परसात बंब मांडला होता आणि शेजारी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळीही रचून ठेवली होती.

"त्या डब्बाना पानीघाई काय शेक लागी?" ती म्हणाली. "बाळंतीनले कढत पानीच लागस."

ते कढत पाणीच बहिणीला नको होतं. सासरी जावेची न्हाणी तिने पाहिली होती. ओतणारीने थांबायचं नाही आणि पाटावर बसलेलीने तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत. "घरी गीझर आहे, गार-गरम माझं मी करीन," असं ती मला एकटीला म्हणाली होती. आता तर तिला टाके पडले होते.

नळवाले भाऊ आले. वडिलांनी मेन स्विच बंद केला. मी दारात उभी राहिले, कारण त्या पांढऱ्या पिंपाच्या आत काय असतं हे मला कधीपासून पाहायचं होतं. गरम पाणी वर चढतं, ही आकृती मी शाळेत इंग्रजी नावं देऊन काढली होती. पण गीझरचे दोन्ही पाइप तर खालीच होते. मग वरचं गरम पाणी नळाला येतं कसं? हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

भाऊंनी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला. "ताई, गरम नळ उघडा अन् उघडाच ठेवा. हवा आत गेल्याबिगर पाणी उतरत नाही."

त्यांनी गार पाण्याचा पाइप ढिला केला, तशी बादलीत धार लागली. मी हळूच नळाच्या तोंडावर बोट ठेवलं. नळ बोट आत ओढत होता. बोट दाबलं की बादलीतली धार बारीक व्हायची, सोडलं की मोठी.

"ताई, खेळ नंतर."

मी हात मागे घेतला.

रिकामा गीझरही दोघांना जेमतेम उतरवता आला. उलटा केल्यावर त्यातून क्षारांचे पांढरे खडे पडले. "आपल्या बोअरचं पाणी," वडील म्हणाले. कॉइल काढल्यावर मी बॅटरी मारून आत पाहिलं. एक नळी आखूड, दुसरी थेट वरपर्यंत गेलेली. म्हणजे गरम पाणी वरूनच उचललं जायचं. मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला दिसू दिला नाही.

भिंतीवर पाइपांची दोन तोंडं उरली. ती बुजवायला भाऊंनी दोन डमी काढल्या. गार नळ दाराशी, मावशी उभी राहील तिथे. बहीण बसेल त्या पाटाजवळचा गरम नळ आता कोरडाच राहणार होता.

"हे दोन पाइप एकमेकांना जोडले तर?" मी विचारलं.

"तर गरम नळाला गार पाणी येईल," भाऊ हसले. "त्याचा उपयोग काय?"

वडीलही बघायला लागले. खरं कारण त्या दोघांसमोर सांगवेना.

"दुसरी बादली भरता येईल."

"द्या जोडून," वडील म्हणाले. "पाइपाचा तुकडा पडलेलाच आहे."

दुसऱ्या दिवशी बहीण आली. न्हाणीला बसायच्या आधी मी तिला तो नळ दाखवला आणि बाहेर टॉवेल घेऊन उभी राहिले. आतून मावशीच्या तांब्याचा आवाज आला, मग बहिणीचा श्वास, मग नळाची धार.

"ओ माय, तो नळ बंद कर," मावशी म्हणाली.

"टाके चरचरतात, मावशी."

मावशीचा तांब्या बादलीत टेकल्याचा आवाज आला.

"हाई कोनं काम शे?"

"धाकटीचं."

"इंग्रजी शाळामा हाईच शिकाडतस वाटतं," मावशी म्हणाली आणि पुन्हा तांब्या भरला. नळ चालूच होता.