मडक्यांतला बांबू

परवा नातीने आणलेलं बांबूचं रोप मी कुंडीत लावत होते. मुळांच्या ओल्या मातीचा वास आला आणि मी धानोऱ्याला, कौतिकाबाईच्या अंगणात जाऊन पोचले.

माझा जन्म स्वातंत्र्याच्या वर्षीचा. ही गोष्ट घडली तेव्हा मी आठ वर्षांची असेन. कौतिकाबाई आमची शेजारीण, जातीची बुरूड. सुपं-टोपल्या विणून घर चालवायची. त्या साली फुलोरा येऊन जवळच्या रानातला बांबू वाळून गेला होता. लोकांनी त्याचं बी भातासारखं शिजवून खाल्लं. तिने मात्र ओंजळभर राखून फुटक्या मडक्यांत पेरलं होतं.

एका दुपारी ती घरी नव्हती. मडक्यांत गवत माजलंय असं वाटून मी ते सगळं मोठ्या हौसेने उपटून टाकलं. ती आली आणि तिने उपटलेलं एक रोप उचलून पाहिलं.

"हे गवत नाई पोरी, बांबू हाये."

मी भोकाड पसरलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

"रडून काऊन राह्यली? जाय, पाणी आण जल्दी."

शाबूत मुळांची रोपं तिने वेचली. मी बोटाने मातीत भोकं पाडत गेले, ती एकेक रोप लावत गेली. वर ओल्या गोणपाटाची सावली केली. निम्मीअधिक जगली.

तिची पुढच्या कित्येक वर्षांची टोपली त्या मडक्यांत होती, हे आज कळतं. त्या संध्याकाळी मी दाराआड मार खायच्या तयारीने उभी होते. कौतिकाबाई आईला म्हणाली, "तुमची पोरगी आज मले रोपं लावू लागली, बाई."