बंद होताना थांबणारे सर

"आधी सांगायचं, मग थांबायचं, न्हाईच ऐकलं तर मारायचं." आमचे सर हे लिनक्सबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीबद्दल बोलत, पण नव्या शिपायाला ते ठाऊक नव्हतं. बिचारा महिनाभर त्यांच्यापासून चार हात लांब राहिला.

पाथर्डीजवळच्या आमच्या कॉलेजातले संगणक ते सांभाळत, मी ग्रंथपाल. यंत्राशी माणसासारखं बोलणारा कुणीतरी तुमच्याही ऑफिसात असेलच. सर मशीन बंद करताना म्हणायचे, "चला, आवरा आता." पाहुणा 'येतो' म्हणून उठतो आणि दारात अर्धा तास बोलतो, तसे प्रोग्रॅमही असतात म्हणे. हातातलं काम लिहून ठेवायला त्यांना वेळ लागतो. म्हणून नव्वद सेकंद वाट बघायची, मगच बळजबरीनं बंद करायचं, म्हणजे 'मारायचं'.

मला कुठला एवढा धीर? पाच दहाची एसटी गाठायची असे. मी कुरकुरले, "सर, हे नव्वद सेकंद कमी करा ना." भिडस्त माणूस. त्यांनी दोन केले.

पुढं एक मुलगी रडत आली. तिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी नगरला जायचं होतं आणि कॉम्प्युटर तिच्याकडं एक पुस्तक बाकी दाखवत होता. दाखला अडला. "काल पाच वाजायच्या आधी दिलं हुतं की, मॅडम," ती म्हणाली. मी तोऱ्यात म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

सरांनी मशीन बंद होतानाची नोंद उघडून ओळन् ओळ वाचली. दिवसाच्या शेवटी परत आलेली पुस्तकं लिहून घेत असतानाच ग्रंथालयाचा प्रोग्रॅम रोज मारला जात होता. मग ते कपाटाशी गेले. पुस्तक आपल्या जागी निवांत बसलेलं. मुलीला दाखला मिळाला, नव्वद सेकंद परत आले आणि प्राचार्यांना सरांनी 'चूक माझी' असं लिहून दिलं. मी गप्प बसले. आजही त्याची लाज वाटते.

वर सर स्टँडवर जाऊन ड्रायव्हरला सांगून आले, "मॅडमचं मशीन आवरतंय, दोन मिनिटं थांबत जा."

"मशीनला लई पसारा दिसतोय," ड्रायव्हर म्हणाला. पण थांबायला लागला.

सर निवृत्त होऊन आपल्या गावी, खर्ड्याला गेले. परवा ती मुलगी, आता नर्स झालेली, बोरांची पिशवी घेऊन त्यांना भेटायला कॉलेजात आली. त्यांची रिकामी खुर्ची बघून मला राहवेना. म्हटलं, "अगं, तेव्हा चूक माझी होती."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "सर तवाच म्हनले हुते, मॅडमला काय बोलू नको. त्या आपसूक सांगतील, जरा येळ लागंल."

चार वर्षं लागली.