चारबोट्याचे डोळे

मुलांच्या साप्ताहिकातल्या चित्रकथेचा खलनायक चारबोट्या अकरा वर्षं धुमाकूळ घालत होता, आणि त्याला शाई लावायचं काम एका बाईकडे होतं. छापखान्यात सगळे तिला शाईवाली म्हणत. पेन्सिलवाला चित्र काढायचा, ही त्यावर डाव्या हातानं टाक फिरवायची. सुरुवातीला त्या खलनायकाचं नाव वेगळंच होतं आणि बोटं चांगली पाच होती. पण पेन्सिलवाल्यानं पाच काढली की ही बया शाई चारांनाच लावायची. तीन अंक त्यानं आरडाओरडा केला, मग पोरांची पत्रं यायला लागली तसा गप्प बसला. पहिल्या अंकात खलनायक घड्याळजीची घड्याळं फोडतो, असं लेखकानं लिहिलं होतं. शाईवाली म्हणाली, "घड्याळं कशाला? दार आपटून घड्याळजीचा हातच मोडू दे." लेखक खूश! दिसते गरीब गाय, पण डोकं बघा कसं चालतं!

डोकं कसलं चालतंय डोंबल! तिचा स्वतःचा उजवा हात तसाच मोडला होता. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. दादा पिऊन आला, भांडला, आणि ती चौकटीवर हात ठेवून उभी असताना त्यानं दार आपटलं. या दादाची डाव्या हाताची करंगळी कारखान्यातल्या यंत्रात गेलेली. सकाळी त्याला काही आठवेना, आणि आईनं सगळ्यांना सांगितलं, पोरगी पायऱ्यांवरून पडली. तेच खरं झालं. दोन वर्षांनी दादा दुसऱ्या कुणाचं तरी डोकं फोडून तुरुंगात गेला. तोवर ही डाव्या हातानं टाक धरायला शिकली होती.

आणि आता दादा सुटून आला होता. हातात एक पिशवी, डोक्यावर पांढरे केस. आई राहिली नव्हती, मग जायचं कुठं? बहिणीकडेच. तिचा नवरा बोटीवर कामाला, घरात ती आणि आठ वर्षांची लेक भुंगी. 'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "ये." बारा दिवस झाले, दादा खाली मान घालून वावरत होता, भांडी घासत होता, आवाज म्हणून चढवत नव्हता. हिची मात्र पाचावर धारण बसलेली. दार आपटू नये म्हणून घरातल्या प्रत्येक दाराखाली ती पहिल्यापासून लाकडी पाचर बसवायची. आता रोज दोनदा वाकून तपासायला लागली. भुंगीला मामाजवळ एकटं सोडायची नाही. शाळा सुटली की पोर शेजारच्या काकूंकडे. काकूंना कारण मात्र सांगितलं नव्हतं. सांगणार काय? ती तर पायऱ्यांवरून पडली होती ना!

त्यातच संपादकांनी फर्मान काढलं, चारबोट्या सुधारणार. पोरांचा लाडका झालाय, तेव्हा पुढच्या अंकात आठ पानांत त्याचा हिरो करायचा. "आणि बाई, आता त्याला डोळे द्या. हिरोला डोळे नकोत का?" इतकी वर्षं बुरख्याच्या भोकांत तिनं नुसता काळा रंग भरला होता. टाक बुडवून बसली तर टोकावरची शाई सुकून गेली.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "अगं, मला एकदम दवाखान्यात यावं लागलं. भुंगीला तुझ्या घरी सोडलंय. मामा आहेच की!"

टाक टेबलावर तसाच टाकून ती निघाली. चार रस्ते कसे ओलांडले, तिला कळलं नाही. बाहेरचं दार किल्लीनं उघडलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराखाली पाचर नव्हती. आत चिडीचूप.

"भुंगे!" तिनं दार ढकललं.

दादा समोरच्या भिंतीशी दोन्ही हात वर करून उभा होता. फरशीवर जुन्या अंकांचा ढीग, आणि त्यात पोरगी हातात पट्टी घेऊन बसलेली. "आई, मामाच चारबोट्या आहे! बोटं मोज! पळून जाऊ नये म्हणून दार मी लावलं."

शाईवालीनं तिला ओढून पाठीशी घेतलं. दादाचं पोरीकडे लक्षच नव्हतं. त्याच्या पायाशी पहिला अंक उघडा पडला होता. दार, चौकट, घड्याळजीचा हात.

"पायऱ्यांवरून पडलीस, असं आई म्हणाली होती," तो म्हणाला.

"आई म्हणाली होती."

"मी होतो?"

आता हा चिडणार, आता हात उगारणार. तरी ती म्हणाली, "हो."

त्यानं हात खाली घेतले, आणि तेवढ्यानंही ती दचकून मागे सरकली. ते त्यानं पाहिलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि भुंगीनं काढून टाकलेली पाचर हातात घेऊन बघत राहिला.

"म्हणून प्रत्येक दाराखाली ही?"

तिनं भुंगीला आणखी जवळ ओढलं.

पाचर खाली ठेवून तो म्हणाला, "भुंगी म्हणते, पुढच्या अंकात हा चांगला होतो. लोक टाळ्या वाजवतात."

"संपादक म्हणतात तसं."

"त्या घड्याळजीला विचारलं का कुणी?"

अकरा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. तिनंही नाही. घड्याळजी पहिल्या अंकानंतर पुन्हा आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत तिनं एक माणूस आपल्या मनानं घातला. त्याचा एक हात वाकडा, तो टाळ्या वाजवत नव्हता. मग चारबोट्याचे डोळे काढले, त्या माणसाकडे बघणारे.

संपादकांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, हा घाबरलाय! हिरो असा असतो?"

"मला याहून वेगळे येत नाहीत," ती म्हणाली. अंक छापायला जायचा होता. ते पुटपुटत पान घेऊन गेले.

ती घरी आली तेव्हा भुंगी दवाखान्यातून परतलेल्या काकूंकडेच होती. शाळेतून घरी आली तशी दादानं स्वतः नेऊन सोडली होती, आई येईपर्यंत घरी नको, असं काकूंना म्हणाला. प्रत्येक दाराखाली पाचर होती, नेहमीपेक्षा घट्ट, हातोडीनं ठोकलेली. तो स्वयंपाकघरात पाठमोरा भांडी घासत होता.

चपला काढताना आधाराला तिनं उजवा हात चौकटीवर ठेवला. भीती गेली नव्हती. तिनं दोन्ही चपला सावकाश काढल्या आणि मगच हात उचलला.