हातमोज्यांचा दिवस

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मी शिकवत असे त्या शाळेच्या कचेरीत. मुलीचं नाव सातवीत घालायला आली होती. कारकुनाने तिचा अंगठा घेतला, तर कागदावर नुसता निळा डाग उमटला. रेघ एकही नाही.

"बाई, अंगठा घरी विसरलात की काय?"

"कारखान्यात ठेवून आलेय, भाऊ. मालकाकडून मागून घ्या."

अननसाच्या फोडी डब्यात भरणाऱ्या कारखान्यात ती सोलायला होती. अननसाचा रस कातडी खातो. दिवसभर ओल्या टेबलाशी उभं राहायचं, बोटातून रक्त आलं की पाण्याच्या बादलीत हात बुचकळायचा आणि पुन्हा सुरी धरायची. नवरा गेलेला; सासू आणि मुलगी तिच्याच जिवावर. कारखान्यात तिला सगळ्या अक्का म्हणत.

खाण्याच्या मालाची सरकारी तपासणी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी मुकादम कपाटातून रबरी हातमोजे काढी आणि ते गेले की परत कुलपात टाकी.

"आज आपलं माहेरपण गं," बायका एकमेकींना म्हणत.

पुढचं मला अक्कानेच सांगितलं. एकदा तिची बोटं इतकी चिघळली की सुरी धरवेना. मोजे रोज मिळावेत, एवढंच तिला हवं होतं. साहेब टेबलाशी आले तसे तिने मोजे ओढून काढले आणि दोन्ही हात पुढे केले.

"साहेब, डबे पाहिलेत, आता हेही बघा. मोजे आम्हाला तुम्ही आलात तरच मिळतात."

साहेबांनी तोंड फिरवलं. "असल्या हातांनी माल भरता?" ते मुकादमावर खेकसले. "ही बाई उद्या इथे दिसता कामा नये."

"अहो, पण हे हात इथेच असे झालेत!"

"ते माझ्या खात्यात येत नाही, बाई. मी माल तपासतो."

दुसऱ्या दिवसापासून मोजे सगळ्यांना रोज मिळू लागले. अक्का तेवढी फाटकाबाहेर. टेबलावरची शेजारीण रडत सांगायला आली, तर ही म्हणाली, "रडतेस काय मेले? जपून वापरा, फाडू नका."

तिने पुष्कळ दारं ठोठावली. हात बघितले की लोक नको म्हणायचे. वर्ष संपायच्या आत मुलीने माझा वर्ग सोडला आणि आईच्या जागी टेबलाशी उभी राहिली.

अक्काची बोटं आता मिटत नाहीत. सकाळी कामावर जाण्याआधी मुलगीच तिची वेणी घालते.